व्यायामाचा नेम आणि प्रेरणेचा बाजार

मराठीत सध्या एक प्रश्न फार लाडका झाला आहे : ‘प्रेरणा ओसरल्यावर व्यायामात सातत्य कसे राखावे?’ वृत्तपत्रांच्या पुरवण्या तो विचारतात, एस.टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तो अनुवादित होऊन आलेला असतो, आणि महाविद्यालयांत दरवर्षी येणारे व्याख्याते ध्वनिवर्धक हातात घेऊन तो आमच्या विद्यार्थ्यांपुढे टाकतात. उत्तरेही ठरलेली असतात. ध्येय कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, रोज आरशात पाहा, एकवीस दिवस कळ काढा, मनाला बजावा. आमचे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या शब्दांत मांडलेला आहे. ज्यांचा व्यवसायच शब्दांचा, त्या मराठीच्या विद्यार्थी-अध्यापकांनी तो मुकाट्याने स्वीकारावा हे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

साहित्यचर्चेच्या या पानावर जोर-बैठकांचा विषय कशाला, असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने एकदा कोणत्याही मराठी विभागाच्या अध्यापककक्षात दुपारी येऊन बसावे. चाळिशीतली माणसे मान वळवायची तर खांद्यापासून वळतात, दुसऱ्या मजल्यावरच्या तासाचे नाव काढले की गुडघ्यावर हात ठेवतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी ज्या आत्मीयतेने बोलतात त्या आत्मीयतेने हल्ली कादंबरीविषयी बोलत नाहीत. आम्ही दोघेही त्याच कक्षात बसतो, तेव्हा हे वर्णन ऐकीव नव्हे. शरीर म्हणजे मेंदूला वर्गापर्यंत पोहोचवणारे वाहन, ही आपल्या विभागांची अलिखित तत्त्वप्रणाली आहे. देहाचे काय ते जिमखान्याने पाहावे. आम्ही आशय, अभिव्यक्ती आणि संवेदनशीलता पाहू. ज्या परंपरेचे आपण पेपर लावतो ती मात्र इतकी बैठी नव्हती. समर्थांनी मारुतीची देवळे स्थापिली आणि वारकऱ्यांनी संप्रदाय अक्षरशः पायांनी चालवला, हे आपण ‘संप्रदायाची वैशिष्ट्ये’ या प्रश्नाच्या उत्तरात दोन ओळींत उरकतो.

‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आठवावा. वजन उतरवण्याचा संकल्प कळताच अख्खी चाळ सल्ले घेऊन तुटून पडते, हे त्यातल्या विनोदाचे मर्म. पु. लं.चा रोख संकल्पाच्या गाजावाजावर आणि सल्ल्यांच्या सुकाळावर होता. आपण त्यातून भलतेच शिकलो : देहाची काळजी घेऊ पाहणारा माणूसच मुळात हास्यास्पद. आजही कक्षातून कुणी कॅनव्हासचे बूट घालून फिरायला निघाला की ‘काय, संकल्प वाटतं?’ हीच पहिली प्रतिक्रिया असते. असो.

आता ‘प्रेरणा’ हा शब्द तपासू. ढकलणे, हलवणे, चालते करणे हा त्यातला मूळ भाव. प्रयोजक क्रियापद शिकवताना आपण हेच सांगतो. ‘मूल बसते’ आणि ‘आई मुलाला बसवते’ या दोन वाक्यांपैकी दुसऱ्यात एक जास्तीचा कर्ता येतो. क्रिया मुलाची, धक्का आईचा. तो देऊन झाला की आईचे काम संपते. मूल पुढे बसून राहते ते धक्क्यामुळे नव्हे. आरंभाचा हा शब्द आज सातत्याच्या कामाला जुंपलेला आहे, आणि तो दमला की आपण दोष माणसाला देतो. ‘स्वतःला प्रेरित करा’ या अनुवादित आज्ञेत तर ढकलणारा आणि ढकलला जाणारा एकच. लोहारानेच ऐरणीवर आडवे व्हावे आणि हातोडाही त्यानेच मारावा, असा हा मामला.

सातत्यासाठी मराठीजवळ निराळे शब्द होते आणि आहेत. नेम, परिपाठ, रियाज, तालमीतली मेहनत. ‘अभ्यास’ हा तर पुनःपुन्हा करण्याचाच शब्द. तो आपण परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरता शिल्लक ठेवला आहे. सवय ‘लागते’, ‘जडते’, ‘मोडते’. एखादी गोष्ट ‘अंगवळणी पडते’. या क्रियापदांचे कर्ते पाहावेत. बोलणाऱ्याचा उत्साह त्यांत कुठेही कर्त्याच्या जागी नाही. ‘मला आज चालवत नाही’ हे वाक्य घ्या. व्याकरणात आपण याला शक्य क्रियापद म्हणतो. ‘मी आज चालत नाही’ याहून ते सर्वस्वी वेगळे आहे. देहाची शक्ती आज आहे, उद्या नसेल, हे माणसाला आळशी न ठरवता बोलून दाखवण्याची सोय या भाषेने करून ठेवली आहे. ‘इच्छाशक्ती कमी पडली’ या उसन्या निदानात ती सोय नाही. तिथे फक्त आरोपी आहे.

आणखी एक व्याकरणिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडी व्यायाम हा विषय नेहमी रीतिभूतकाळात येतो : ‘आम्ही वसतिगृहात असताना रोज पहाटे पळायला जात असू.’ हा ‘असू’ ऐकला की सुस्कारा येतो आणि वय झाले, उत्साह गेला, असे म्हणून विषय संपतो. वास्तविक तेव्हाही पहाटे साडेपाचला कुणालाच उत्साह नसे. वसतिगृह होते, हाकेच्या अंतरावर मैदान होते, बरोबर निघणारी चार मुले होती आणि दारावर थाप मारणारा एक दांडगा खोलीसोबती होता. गेले ते हे सगळे. उत्साहाच्या नावाने आपण उगाच गळा काढतो.

आमचा मुख्य मुद्दा मात्र एका जुन्या त्रयीपाशी आहे. धर्मशास्त्राने आणि मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले. काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे : पुत्र हवा, पाऊस हवा, स्वर्ग हवा. नैमित्तिक कर्म निमित्त आले की करायचे, जसे ग्रहणातले स्नान. नित्य कर्म रोजचे. ते केल्याने काही विशेष मिळते असे नाही, पण न केल्याने दोष लागतो. (नित्यकर्मालाही फळ आहे की नाही यावर शास्त्रकारांत वाद आहेत, त्यात येथे शिरत नाही.) ही विभागणी यज्ञयागांसाठी झाली हे खरे, परंतु आज व्यायामाचे काय झाले आहे हे सांगायला आम्हाला तिच्याइतकी नेमकी परिभाषा दुसरी सापडलेली नाही. व्यायाम आपण काम्य करून टाकला आहे. लग्नाआधी आठ किलो उतरवायचे आहेत, पोलीस भरतीची शारीरिक चाचणी द्यायची आहे, छायाचित्रात दंड दिसायला हवेत. उरलेला व्यायाम नैमित्तिक : १ जानेवारीचा, आणि २०१५ पासून २१ जूनचा. त्या दिवशी प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळे सतरंजीवर असतात. २२ जूनला सतरंज्या भांडारात जातात.

काम्य कर्माचा स्वभावच असा की इच्छेबरोबर ते संपते. फळ मिळाले तर संपते आणि मिळाले नाही तरीही संपते. लग्न लागले, व्यायाम थांबला. तीन आठवड्यांत काटा हलला नाही, व्यायाम थांबला. यात माणसाचा कमकुवतपणा शोधणे म्हणजे पुत्रकामेष्टी करणाऱ्याने मुलगा झाल्यावर इष्टी का थांबवली, असे विचारण्यासारखे आहे.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, व्यायामाचे फायदे खरे आहेत, मग ते सांगायचे नाहीत का? जरूर सांगावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन केले त्यात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणेही त्यात येते. एका वेळी निदान दहा मिनिटे तरी हवीत ही जुनी अटही आता राहिलेली नाही, म्हणजे जिन्याचे दोन मजलेही हिशेबात धरता येतात. पण नियमित व्यायामाचे खरे फळ म्हणजे जे घडत नाही ते. न आलेला हृदयविकाराचा झटका कुणाला दिसत नाही. न वाढलेल्या साखरेचे छायाचित्र काढता येत नाही. अशा अदृश्य फळाच्या इच्छेवर कुणाचा उत्साह वर्षानुवर्षे टिकेल? केल्याचे काही दिसत नाही आणि टाळल्याचे मात्र भोवते, ही नित्यकर्माचीच व्याख्या झाली. डॉक्टर ज्याची शिफारस करतात ते नित्य आहे. पुरवण्या आणि व्याख्याते ते काम्य म्हणून विकतात.

विकतात हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन व्यायामकेंद्रांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद सरासरी चार-साडेचार वेळा फिरकत. म्हणजे एक खेप १७ डॉलरांहून महाग पडे. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच १० डॉलरांना पडली असती. आपल्याकडे जानेवारीत वर्षाची पावती फाडणारा माणूस वेगळे काय करतो? मार्च महिन्यातल्या स्वतःच्या उत्साहावर तो आगाऊ रक्कम लावतो. न येणाऱ्या सभासदासाठी पंखा फिरत नाही, यंत्र झिजत नाही आणि घामाचा टॉवेल धुवावा लागत नाही. प्रेरणा ओसरणे ही या धंद्यातली आपत्ती नसून भांडवल आहे. (जिममधल्या प्रशिक्षक पोरांविषयी आमच्या मनात आकस नाही. त्यांतली कित्येक आपल्याच वर्गांतून गेलेली आहेत, आणि पदवीचा उपयोग झाला नाही तेव्हा दंडाचा झाला, एवढेच.)

एकवीस दिवसांच्या मंत्राची कथा पाठचिकित्सेच्या तासाला सांगण्याजोगी आहे. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याला रुग्ण सरावायला किमान एकवीस दिवस लागतात, अशा आशयाचे निरीक्षण त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात नोंदवले. पुढच्या हस्तलिखितांत, म्हणजे भाषणांत आणि पुस्तिकांत, ‘किमान’ गळाले, मग ‘चेहरा’ गळाला, आणि कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते असा शुद्ध प्रक्षेप उरला. बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडवेना झाले की मुलगा ठरवून टाकतो, आपल्यातच काहीतरी खोट आहे.

प्रत्यक्ष तपासणी काय सांगते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ स्वयंसेवकांनी बारा आठवडे एखादी साधी कृती रोज एकाच संदर्भात, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायची होती. ती आपोआप होऊ लागण्याचा मध्यक काळ ६६ दिवस निघाला; पण व्यक्तिव्यक्तींतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर रुळल्या, व्यायामाच्या उशिरा. एखादा दिवस चुकल्याने एकूण प्रक्रियेचे विशेष बिघडले नाही. सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असे विल्यम जेम्सने १८९० मध्ये आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात बजावले होते. इतके कठोर होण्याचे कारण नाही, असे म्हणायला आता आधार आहे.

आपल्याकडे हे शहाणपण आधीपासून होते. वेदपठणासारख्या कडक शिस्तीतही ‘अनध्याय’ सांगितलेला आहे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, शिवाय अवकाळी गडगडाट झाला तर तो दिवस. पाठ बंद ठेवण्याचे दिवस पाठाच्या नियमांतच बसवलेले होते, त्यामुळे थांबलेला विद्यार्थी भ्रष्ट ठरत नसे. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचे हे त्याला ठाऊक असे. याउलट भ्रमणध्वनीतली सलग दिवसांची साखळी एका तापाने तुटते आणि पुन्हा शून्य दाखवते. शून्यापासून आरंभ करायला पुन्हा प्रेरणा लागते, आणि मग पुन्हा एक व्याख्यान.

वारीचे उदाहरण द्यायचे तर भाबडेपणा टाळून द्यायला हवे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट; आणि एरवी बाजारापर्यंतही न चालणारी माणसे ती चालतात. याचे श्रेय आपण ‘भक्तीच्या प्रेरणे’ला देऊन मोकळे होतो. भक्ती आहेच. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचे रूप दिले ते काय करून? दिंड्यांचा क्रम लावला, मुक्काम ठरवले, विसावे ठरवले, अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू मिळवले. आजही घोडे अंकलीहूनच येतात. पुण्यात पालखी थांबते, पाय शेकून निघतात, मग दिवेघाट. चालणारी बाई सकाळी उठून ‘आज माझी चालण्याची इच्छा आहे काय’ असे स्वतःला विचारत बसत नाही. दिंडी निघते, वीणेकरी पुढे असतो, भाताची पातेली घेतलेला ट्रक पुढच्या मुक्कामी पोहोचलेला असतो. तिचे सातत्य तिच्या एकटीच्या मनात साठवलेले नाही. ते दिंडीत, ट्रकमध्ये आणि पंचांगात वाटून ठेवलेले आहे.

‘तालीम’ या शब्दाचेही असेच. मूळ अरबीत तो शिक्षणाचा शब्द. मराठीत तो एकीकडे कुस्तीच्या आखाड्याला लागला आणि दुसरीकडे नाटकाच्या सरावाला. महाविद्यालयात एकांकिकेची तालीम सुरू असते तेव्हा मुले रात्री अकरापर्यंत थांबतात, तीच ती वाक्ये दोनशे वेळा म्हणतात. त्यांना कुणी प्रेरणेचे व्याख्यान देत नाही. आपण नाही गेलो तर समोरच्याचे वाक्य अधांतरी राहील, एवढे त्यांना पुरते. कुस्तीतही जोडीशिवाय जोर होत नाही; जोडीदार लंगोट लावून उभा असताना अंथरुणात पडून राहणे अवघड असते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, हा इतिहास सर्वांना पाठ आहे. पण तालीम म्हणजे केवळ हौद्यातली लाल माती नव्हे. ती पेठेची संस्था. तिचा गणपती असतो, तिचे राजकारण असते, तिची भांडणे असतात; पाटाकडील तालमीचे नाव तर आज फुटबॉलच्या संघामुळे घेतले जाते. तिथे न जाणाऱ्या पोराला संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी विचारतेच, ‘काय रं, दिसला न्हाईस?’ या चार शब्दांनी जे साधते ते भिंतीवर चिकटवलेल्या ध्येयाने साधत नाही.

खाशाबा जाधवांचे नाव प्रेरणादायी व्याख्यानांत हटकून येते म्हणून त्यांच्याविषयी थोडे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. व्याख्याते यातून ‘जिद्द’ काढतात. त्यांच्या कथनातून गळणारे पात्र राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे, बॅरिस्टर खर्डेकरांचे. हेलसिंकीच्या खर्चासाठी त्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावागावांतून वर्गणी गोळा झाली ती वेगळीच. खाशाबांची जिद्द कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु जिद्दीला जहाजाचे तिकीट लागते आणि ते कुणाला तरी काढावे लागते. प्राचार्यांसमोर जिद्दीची व्याख्याने झोडणाऱ्यांनी ही अर्धी गोष्ट त्यांना जरूर ऐकवावी.

इथवर वाचून जुन्या शिस्तीचे गोडवे गाणारी मंडळी आम्हाला आपल्यातले समजतील. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसण्याची आमची मुळीच इच्छा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, स्वतः दशकानुदशके नेमाने घातले, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. त्यांच्या नेमाविषयी आम्हाला आदर आहे. मात्र ते राजे होते. पहाटेची वेळ त्यांच्या मालकीची होती. पाणी तापवणारे, न्याहारी करणारे आणि दारातले बोलावणे थोपवणारे हात दुसऱ्यांचे होते. नित्यकर्माचा अधिकारही कुणाला होता आणि कुणाला नव्हता हे आपण जाणतोच. तालमीच्या उंबऱ्याशी बायकांची पावले थांबत. आत जाणाऱ्या मुलाचे दूध मात्र त्याच आटवत. दर नेमाच्या मागे कुणाचा तरी खर्च झालेला वेळ असतो आणि बहुतेक वेळा तो बाईचा असतो.

हे अनुमान नाही. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामोबदला कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७. ज्या पुरुषाने घरात बोटही हलवले नाही तो या ९७ च्या सरासरीत धरलेलाच नाही. आमच्या दोघांपैकी एकीला ‘पहाटेचा एक तास फक्त स्वतःसाठी राखून ठेवा’ हा सल्ला आजवर अनेकांनी दिला आहे. पाच ते सात या वेळात तिच्या घरातला कोणता तास मोकळा आहे हे एकानेही विचारलेले नाही. अशा बाईला प्रेरणेचे पुस्तक भेट देणे हा उद्धटपणा आहे. तिच्या घरातल्या पुरुषाने डबे भरले तर तिला अर्धा तास मिळेल. पुस्तकाने मिळणार नाही.

हीच गोष्ट आपल्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची. नेट झालेला, विद्यावाचस्पती पदवी घेतलेला माणूस सकाळी एका गावात दोन तास घेतो, दुपारी एस.टी.ने दुसऱ्या गावात जातो, मानधन महिनोन्‌महिने थकलेले असते. वेळापत्रक त्याला विचारून होत नाही, तेव्हा ‘रोज एकाच वेळी’ ही सवयीची पहिली अटच त्याच्या आवाक्याबाहेरची. त्याची पाठ धरली, वजन वाढले, की कार्यशाळेत त्याला ताणव्यवस्थापन शिकवले जाते. ताण निर्माण करणाऱ्यांनीच कार्यशाळेचा चहा पुरवलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर योग, क्रीडा आणि आरोग्य यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण शारीरिक शिक्षण संचालकांची पदे कित्येक ठिकाणी रिकामी आहेत, आणि श्रेयांक मैदानावर मिळतात की फाइलीत, हे ज्याने त्याने आपापल्या महाविद्यालयात पाहावे. आम्ही ओळखतो अशा एका महाविद्यालयात मैदानाच्या निम्म्या भागावर आता दुचाकींचे वाहनतळ आहे. उरलेल्या निम्म्यावर मांडव घालून मध्यंतरी एक व्याख्यान झाले. विषय होता, ‘स्वतःला जिंका’.

एक आक्षेप गंभीर आहे, त्याला उत्तर द्यायला हवे. वस्ताद, पेठ, दिंडी या सगळ्यांत समूहाचा दाब असतो. आधुनिक व्यक्तीने त्यातून मोठ्या कष्टाने सुटका करून घेतली आहे. तुम्ही तिला पुन्हा कट्ट्यावरच्या चौकशीच्या हवाली करता आहात, असे आमचे काही मित्र म्हणतात. चौकशीचा जाच आम्हाला ठाऊक आहे. परंतु सुटका झालेली व्यक्ती आज कुणाच्या हवाली आहे? मनगटावरचा पट्टा तिची पावले मोजतो, भ्रमणध्वनी तिला ओरडतो, आणि दहा हजारांचा आकडा तिला झोपू देत नाही. हा आकडाही १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. प्रयोगशाळेतून आलेला नाही. दाब दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की पेठेतला माणूस, पोराच्या आईला ताप आहे हे कळल्यावर, ‘मग राहू दे आज’ असे म्हणू शकतो.

तेव्हा आम्ही काय मागतो आहोत? फार थोडे. पहिला तास साडेसातला सुरू होतो. त्याआधी किंवा दुपारच्या सुटीला जोडून आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मैदान मोकळे ठेवावे, त्या वेळेत कोणतीही सभा लावू नये, आणि मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली कुलूप न लावता असावी. प्रशिक्षक नको, बोधवाक्याचा फलक नको, उद्घाटन तर नकोच. अध्यापक आणि विद्यार्थी दोघांनीही चालावे. परीक्षेचा आठवडा, यात्रेचा दिवस आणि मुसळधार पाऊस हे अनध्याय. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचे तास सलग लावावेत, म्हणजे त्यांनाही यात येता येईल. गेल्या बैठकीत हे मांडले तेव्हा वेळापत्रक समितीने खोल्यांची टंचाई आहे असे उत्तर दिले. मैदानाला खोली लागत नाही हे आम्ही लेखी कळवले आहे. पुढची बैठक जूनमध्ये आहे, आणि त्याच आठवड्यात २१ तारखेसाठी सतरंज्या बाहेर निघतील.